गुडघा दुखतो किती, उमगतो किती

कात्रजच्या बसस्थानकावर सकाळी क्षणभर थांबले, तरी गुडघेदुखीचा पसारा किती वाढला आहे याची कल्पना येते. दांडीला दोन्ही हात, पायरीवर आधी धडका पाय आणि मागाहून दुखरा, अशा बेताने बसमध्ये चढणाऱ्या प्रौढ स्त्रिया तेथे नित्य दृष्टीस पडतात. आपल्या व्याधीचे नाव त्यांपैकी बहुतेकींना ठाऊक असते. तिचा अर्थ मात्र फारच थोड्यांना कोणी सांगितलेला असतो. ‘गुडघे झिजले’, ‘वंगण संपले’, ‘हाडावर हाड घासते’ एवढ्या तीन वाक्यांवर त्यांचे सारे ज्ञान उभे असते.

या वाक्यांचा परिणाम साधासुधा नसतो. झिजणारी वस्तू जपून वापरावी, हा आपल्या घरोघरचा शिरस्ता. साहजिकच चालणे बंद होते, मांडीचे स्नायू दुबळे होतात, वजन वाढते आणि वेदना बळावते. वस्तुतः कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवाकडून तिचे पोषण होते, आणि त्यास हालचालीचे साहाय्य लागते. शिवाय क्ष-किरणचित्रातील झीज आणि प्रत्यक्षातील दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

गुडघ्याचे दुखणे मोजण्याची साधने वैद्यकाकडे आहेत. कॅनडात १९८२ साली सिद्ध झालेल्या ‘वोमॅक’ प्रश्नावलीत वेदना, ताठरपणा आणि हालचाल यांविषयी २४ प्रश्न आहेत. रुग्णाच्या समजुतीचा ठाव घेणारी साधने मात्र उशिरा आली. २००६ साली प्रसिद्ध झालेली एक संक्षिप्त प्रश्नावली अवघ्या ९ प्रश्नांत रुग्णास विचारते, की हा आजार किती काळ टिकेल, त्यावर तुमचे नियंत्रण किती, उपचारांचा उपयोग किती, तुम्हाला तो समजला किती. शेवटी आजाराची ३ कारणे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगावयाची असतात.

हे प्रश्न मराठीत आणणे वाटते तितके सोपे नाही. ‘वोमॅक’ न्हाणीच्या टबातून बाहेर येण्याविषयी विचारते. आमच्या बाईला पाटावरून उठता येते का, उकिडवे बसता येते का, हे कोण विचारणार? ‘आजारावर ताबा किती’ असे विचारावे, तर ‘ताबा’ म्हटल्यावर कात्रजकरांस आधी नव्या इमारतीतील सदनिका आठवावयाची! ‘उपचार’ या शब्दाने तर अधिकच घोटाळा होतो. उपचार म्हणजे गोळी आणि सुई, अशी समजूत रूढ आहे. व्यायाम त्यात कोणी धरीत नाही. ज्या व्यायामाला तज्ज्ञ आज अग्रस्थान देतात, त्याविषयीचे रुग्णाचे मत या प्रश्नातून कळतच नाही.

हे काम आपल्याकडे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातीलच भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे आढळले. दुखण्याची गणना खेड्यात जाऊन करता येते, तर समजुतीची गणना कात्रज-धनकवडीच्या रुग्णालयांत का होऊ नये? तपासणीपूर्वी आणि तपासणीनंतर तेच प्रश्न विचारावेत. उत्तरांत फरक पडला नाही, तर तो दोष रुग्णाच्या अडाणीपणावर ढकलता येणार नाही. समजावून सांगणाऱ्याची ती परीक्षा आहे.

नऊ प्रश्नांना सवड नसेल, तर निदान एक विचारावा: ‘चालल्याने माझा गुडघा अधिक झिजेल, असे तुम्हाला वाटते का?’ त्याच्या उत्तरापुरती जागा कोणत्याही केसपेपरवर असते.