कारखान्याच्या भोंग्यापलीकडचं अंकुशनगर
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अंकुशनगर म्हटलं की जालना जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? उसानं भरलेल्या गाड्यांची रांग, धुराडं आणि मळीचा वास. अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शिवारात सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वसाहत. नावही जुनं नाही. कारखान्याचे संस्थापक आणि 1991 साली जालन्यातून लोकसभेवर गेलेले अंकुशराव टोपे यांच्यावरून ते पडलं. इथं ना किल्ला, ना लेणं. मग कला आणि वारसा यांच्या गोष्टीत अंकुशनगरचं काय काम, असं कुणी विचारलं तर त्यात चूक नाही.

पण कारखान्याच्या नावातच 'समर्थ' आहे, आणि ते पाहिलं की वाट सापडते. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. 1608 साली रामनवमीला तिथं सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. तेच पुढे समर्थ रामदास झाले. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. माशासारखा आकार, म्हणून मत्स्योदरी. नवरात्रात साऱ्या पंचक्रोशीची पावलं तिकडं वळतात. गोदावरीच्या काठानं वर गेलं की पैठण येतं. सातवाहनांचं ते प्रतिष्ठान, तसंच नाथांचं गाव. त्याच पैठणला जायकवाडीचं धरण झालं. 1965 साली पायाभरणी झाली आणि 1976 साली लोकार्पण. त्याचा डावा कालवा या भागातून पुढे परभणीकडे गेला. कालव्यानं पाणी आणलं, पाण्यानं ऊस आणला आणि उसानं कारखाने उभे केले. म्हणजे अंकुशनगर नवं असलं तरी ज्या काठावर ते उभं आहे तो काठ फार जुना आहे.

वारशाचे दोन प्रकार असतात. एक जागेवर राहतो, दुसरा माणसांबरोबर फिरतो. जागेवरचा वारसा सुरक्षित असतो असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. जांबच्या राममंदिरातल्या पंचधातूच्या जुन्या मूर्ती 2022 च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या. गाव अस्वस्थ झालं. पुढे काही आठवड्यांत पोलिसांनी तपास लावला आणि मूर्ती हाती आल्या. अशा वेळी एक साधी गोष्ट लक्षात येते. मूर्तीचे नीट फोटो, मापं आणि खुणा गावाच्या दप्तरी असतील तर 'ही आमचीच' असं ठामपणे सांगता येतं. आपल्या किती देवळांची अशी नोंद आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या गावी पाहावं.

फिरणाऱ्या वारशाचं उदाहरण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भोकरदनला मिळतं. केळणा नदीकाठचं हे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनची माणसं होती, हे तिथले शिलालेख सांगतात. 1970 च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंतात कोरलेल्या स्त्रीमूर्तीचा एक भाग सापडला. तो पाहून अभ्यासकांना आठवण झाली ती थेट इटलीची. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. जेमतेम वीतभर उंचीची ही मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशाच घडणीची मूर्ती मिळाली. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठं घडली, यावर मतं वेगवेगळी आहेत. पण दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या कारागिरांचे हात आणि समुद्रापलीकडची बाजारपेठ एकाच व्यापाराच्या दोऱ्यात होती, एवढं नक्की.

हा माल किनाऱ्यापर्यंत नेणारे लोक होतेच. पुढच्या काळात हेच वाहतुकीचं काम ज्यांनी केलं त्यांचे तांडे आज आपल्या शेजारी आहेत. बंजारा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचा. त्याला 'लदेणी' म्हणत. लमाण हा शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आला असं मानतात. इंग्रजी अमदानीत रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि लदेणी बसली. भरीला 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अनेक फिरत्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. त्यानंतरच 'विमुक्त' हा शब्द आला.

मराठवाड्यातल्या अनेक तांड्यांतली माणसं आज ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास निघायचं, फडाजवळ कोपी घालायची आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कोयता चालवायचा. बैल तेच, ओझं तेवढं बदललं. पूर्वी मीठ होतं, आता मोळ्या आहेत. आपण कारखान्यासमोरच्या रांगेत गाडी पाहतो, पण गाडीवरच्या बाईच्या अंगावर काय आहे ते पाहत नाही. तिच्या किंवा तिच्या आईच्या पेटीत फेटिया आणि काचळी असते. एकेक टाका हातानं घातलेला, आरसे नि कवड्या लावलेली. हातभर पांढरे चुडे असतात. एके काळी ते हस्तिदंताचे असत, आज प्लॅस्टिकचे असतात. भोकरदनच्या मूर्तीतलं हस्तिदंत आणि या चुड्यातलं हस्तिदंत, दोन्ही संपलं. मूर्तीला संग्रहालय मिळालं, चुड्याला प्लॅस्टिक.

आता इथं कॅलेंडर उघडून पाहा. तांड्यावरचा तीज हा सण श्रावणात येतो. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, फेर धरून गातात आणि शेवटी रोपांचं विसर्जन करतात. त्या वेळी माणसं घरी असतात, म्हणून तीज टिकली. होळीचं मात्र तसं नाही. लेंगी गाणी होळीची, आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलाची धुंडही होळीलाच. पण फाल्गुनात ऊसतोड अनेकदा चालूच असते. अर्धा तांडा फडावर असेल तर लेंगी गाणार कोण आणि ऐकून शिकणार कोण? गोरबोलीला स्वतःची वेगळी लिपी नाही. ती देवनागरीत लिहिली जाते, पण खरी जगते ती तोंडावर. म्हातारीचं गाणं नातीनं ऐकलं नाही, तर ते चोरीला जात नाही, नुसतं संपतं. त्याचा तपास लागत नाही.

वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला 2024 च्या ऑक्टोबरमध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. हे चांगलंच झालं. पण संग्रहालयात काचळी ठेवता येते, ती शिवणारा हात ठेवता येत नाही. संत एकनाथांनी (1533-1599) चारशे वर्षांपूर्वी याच गोदाकाठी एक वेगळी वाट दाखवली. वासुदेव, गोंधळी, जोशी असे दारोदार फिरणारे लोक त्यांनी भारुडांत आणले. नुसतं त्यांच्याबद्दल लिहिलं नाही, तर त्यांच्या सोंगात आणि त्यांच्या चालीवर लिहिलं. म्हणूनच ज्या गावात आज वासुदेव फिरकत नाही, तिथंही तो भारुडातून येतो.

आपल्याला नाथांसारखं लिहिता येणार नाही, पण ऐकता तर येईल. या भागातल्या शाळेतल्या गुरुजींनी, बाईंनी पोरांना एवढंच सांगावं की सुट्टीत आजीचं एक गाणं तिच्याच बोलीत वहीत उतरवून आणा. फोन हाती असेल तर आवाजही टिपून ठेवा. काचळीवरच्या टाक्यांची तांड्यातली नावं विचारा. देवळाच्या विश्वस्तांनी मूर्तींची मापं लिहून ठेवावीत. याला ना अनुदान लागतं, ना समिती.

पुढच्या हंगामात अंकुशनगरच्या रस्त्यावर उसाची गाडी आडवी आली, तर हॉर्न वाजवण्याआधी घटकाभर थांबून पाहा. मराठवाड्याचा जुना वारसा तुमच्या समोरूनच चाललेला असेल.