हिरवे पडलेले मूळ : हुआंग-चिन व अँटिऑक्सिडंट गुणधर्म

चिनी वैद्यकातील वनस्पतींच्या अँटिऑक्सिडंट गुणधर्माविषयी पुष्कळ लिहिले जाते. अनेक उत्पादनांच्या वेष्टनांवरही हा शब्द ठळकपणे छापलेला आढळतो. त्यातून नेमके काय सिद्ध होते, याचा विचार आम्ही येथे हुआंग-चिन या एका द्रव्याच्या आधारे करीत आहोत.

हुआंग-चिन म्हणजे तुलसी-कुलातील स्क्युटेलारिया बायकॅलेन्सिस या वनस्पतीचे पिवळे मूळ. चिनी वैद्यक त्यास तिक्त व शीत मानते. बायकॅलिन हे त्यातील प्रमुख फ्लॅव्होनॉइड असून चिनी फार्माकोपियानुसार शुष्क मुळात ते किमान ९ टक्के असावे लागते.

हे कच्चे मूळ थंड पाण्यात भिजविल्यास हिरवे पडते. मुळातीलच एक एन्झाइम बायकॅलिनचे विघटन करते व बायकॅलेइन मुक्त होते. त्याच्या रेणूत लगतचे तीन हायड्रॉक्सिल गट असतात. ते सहज हायड्रोजन देतात, म्हणून मुक्त मूलकांचे शमन होते. परंतु त्याच कारणाने हवेत त्याचे स्वतःचेच ऑक्सिडीकरण होऊन हिरवा रंग येतो. अर्थात, ज्या गुणामुळे द्रव्याची ख्याती, त्याच गुणामुळे त्याचा नाश! यास्तव मूळ १० मिनिटे उकळून अथवा अर्धा तास वाफवून मग कापण्याचा विधी फार्माकोपियात सांगितला आहे. उष्णतेने एन्झाइम निष्क्रिय होते. संस्काराचे हे महत्त्व आपणांस नवे नाही.

आता दुसरा मुद्दा. परीक्षानळीतील आकडा शरीरात तसाच लागू पडत नाही. बायकॅलिनचे आतड्यातील जीवाणूंमुळे विघटन होते, बायकॅलेइन शोषले जाते आणि आतड्याची भित्ती व यकृत यांत त्याचे पुन्हा रूपांतर होते. रक्तात पोहोचणारे द्रव्य नळीतील द्रव्याहून भिन्न असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची कोष्टके याच प्रकारच्या कारणास्तव मागे घेतली.

शिवाय ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे निरुपद्रवी, असेही नव्हे. याच गुणासाठी नावाजलेले तानशेन हे मूळ वॉरफरिनसोबत घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत.

म्हणून औषधनिर्मात्यांनी वेष्टनावरील शब्दापेक्षा मुळाचा रंग, संस्कार व साठवण यांकडे लक्ष द्यावे. वैद्यबंधूंनी रुग्ण अशी उत्पादने घेतो काय, हे आवर्जून विचारावे. रुग्ण ते आपणहून सांगेलच असे नाही.