व्हॉल्व्ह उघडा आहे, हे कोण सांगणार?

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा दुरुस्तीचा दिवस. महावितरणची कामं त्या दिवशी निघतात, बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते आणि एरवी उत्पादन थांबवून करता न येणारी कामं मेंटेनन्स विभाग गुरुवारवर ढकलतो. गळणारा जोड, फ्लँजचं झिजलेलं पॅकिंग, नव्या मशिनसाठी सरकवायची स्प्रिंकलरची लाइन. यातलं काहीही करायचं तर आधी पाणी तोडावं लागतं, म्हणजे कुठला तरी व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. संध्याकाळी काम उरकतं, काँट्रॅक्टरची माणसं हत्यारं आवरून निघतात, शुक्रवारी पहिली पाळी लागते. व्हॉल्व्ह पुन्हा उघडला का, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. पडावा तरी कसा? हवेची लाइन बंद राहिली तर मशिन थांबतं, कूलंट आलं नाही तर ऑपरेटर ओरडतो. स्प्रिंकलरचं पाणी बंद राहिलं तर त्या पाळीत काहीच बिघडत नाही. पुढच्या पाळीत नाही, पुढच्या महिन्यातही नाही. ते कळतं थेट आगीच्या दिवशी.

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन (एनएफपीए) या संस्थेने तिथल्या आगींच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. आग पुरेशी मोठी होऊनही स्प्रिंकलर चाललेच नाहीत, अशा घटनांमध्ये दर पाचांपैकी सुमारे तीन वेळा कारण एकच निघालं: आग लागण्याआधीच यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. स्प्रिंकलरचं डोकं खराब होतं, पाइप गंजला होता, ही कारणं त्यामानाने फार मागे आहेत. पाणी होतं, पंप होता, पाइप होते. मधला एक व्हॉल्व्ह बंद होता.

पंपहाऊसमध्ये प्रेशर गेज असतो, त्यावर कळायला हवं, असं वाटतं. पण गेज इथे फसवतो, आणि का फसवतो हे समजून घेण्यासारखं आहे.

समजा लाइनमध्ये सात किलोचा दाब आहे आणि व्हॉल्व्ह बंद केला. पंपाकडच्या गेजवर सात किलो दिसणारच, कारण त्या बाजूला पंप आहे. पण स्प्रिंकलरकडच्या गेजवरही सातच दिसतात. तिकडचं पाणी आहे त्या दाबासकट पाइपात कोंडलं गेलेलं असतं. गळती नसेल तर काटा दिवसेंदिवस तिथेच राहतो. आता त्या कोंडलेल्या दाबामागे पाणी किती आहे, याचा हिशोब करून पाहा. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. सात किलोच्या दाबाने त्याचं आकारमान घटतं ते दहा हजारांत तीन भागांएवढं. एखाद्या शेडच्या पाइपांत तीन हजार लिटर पाणी मावत असेल, तर दाब शून्यावर यायला त्यातून लिटरभर पाणी निघालं तरी पुरतं. ताणलेला पाइप आकसतो त्याचं आणखी पाव लिटर धरा. साधा स्प्रिंकलर एक किलो दाबालाच मिनिटाला सुमारे ८० लिटर फेकतो, सात किलोला दोनशेच्या वर. म्हणजे आग लागून स्प्रिंकलरच्या डोक्यातली काचेची कुपी फुटली की एक फवारा उडतो आणि सेकंदभरात दाब संपतो. पाइपात हवा अडकलेली असेल तर फवारा जरा जास्त टिकेल, एवढंच. बाकीचं तीन हजार लिटर पाणी आगीच्या डोक्यावर भरलेलं असतं, पण त्याला ढकलणारं मागे काही उरत नाही. ते ठिबकत राहतं.

अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह याहून लबाड. पाणी वाहत नसताना अडथळ्यामुळे दाब घटत नाही. घट होते ती प्रवाहामुळे, आणि प्रवाह दुप्पट झाला की ती साधारण चौपट होते. त्यामुळे वाहतं पाणी नसताना पाव उघडा आणि पूर्ण उघडा व्हॉल्व्ह गेजवर सारखेच दिसतात. फरक कळायचा तर पाणी वाहवून पाहावं लागतं. त्यासाठीच मेन ड्रेन टेस्ट असते: निचऱ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, दाब कुठे येऊन स्थिरावतो ते टिपायचं आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहायचं. व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडला की ही टेस्ट व्हायलाच हवी. माझ्या मते वर्क परमिटवर शेवटची सही तिच्याशिवाय होऊच नये.

हा व्हॉल्व्ह इतका घातक ठरतो याचं मूळ स्प्रिंकलरच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कापड गिरण्यांमध्ये छताला भोकं पाडलेले पाइप असत. आग लागली की माणसाने धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा, मग सगळ्या खोलीवर पाणी. तिथे व्हॉल्व्ह नेहमी बंद असणं हीच रीत होती. अमेरिकेत न्यू हेवन इथे पियानो बनवणाऱ्या हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये आपल्या कारखान्यासाठी उष्णतेने आपोआप उघडणाऱ्या डोक्याचं पेटंट घेतलं, पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी ते सुधारलं, आणि सगळी रचना उलटी झाली. आता डोकी बंद आणि व्हॉल्व्ह कायम उघडा. पाणी रात्रंदिवस डोक्यापर्यंत उभं. आगीच्या वरचं डोकं तेवढं फुटणार, बाकीची बंद राहणार. आज आपल्याकडच्या डोक्यांत लाल कुपी दिसते ती ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. उन्हाळ्यात चाकणच्या पत्र्याखाली किती तापतं हे पाहून रंग निवडायचा. माणसाने धावत जाण्याची गरज संपली, ही त्या शोधाची थोरवी. पण व्हॉल्व्ह मात्र माणसाच्याच हातात राहिला, फक्त दुरुस्तीपुरता.

या इतिहासाचा एक धागा थेट चिंचवडपर्यंत येतो. अमेरिकेबाहेर ग्रिनेलचे स्प्रिंकलर विकण्याचे हक्क १८८३ मध्ये मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीने घेतले. त्याच नावाचा पंपांचा कारखाना पुढे मुंबई-पुणे रस्त्यावर चिंचवडला उभा राहिला आणि नंतर जर्मनीच्या विलो कंपनीकडे गेला. स्प्रिंकलर आपल्या पट्ट्याला परके नाहीत.

व्हॉल्व्ह उघडा राहावा म्हणून आपल्याकडची जुनी रीत साखळी आणि कुलपाची. ती वाईट नाही. चाकाला साखळी असली की जाता-येता कुणी ते फिरवत नाही. पण गुरुवारी किल्ली ज्याच्याकडे असते तोच व्हॉल्व्ह बंद करतो, आणि विसरणाराही तोच असतो. बंद व्हॉल्व्हला घातलेलं कुलूप लांबून तसंच दिसतं. म्हणून सुपरव्हायजरी स्विच लागतो. आपल्याकडे त्याला सरसकट टॅम्पर स्विच म्हणतात.

कल्पना साधी आहे. चाक फिरवलं की वर-खाली होणारा दांडा ज्या गेट व्हॉल्व्हला असतो, त्याच्या दांड्यावर एक उथळ खाच असते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्विचची बारीक सळई त्या खाचेत बसते. चाक फिरलं की दांडा सरकतो, सळई खाचेतून वर चढते, आतला मायक्रोस्विच पलटतो आणि कारखान्याच्या गेटवरच्या अलार्म पॅनलवर दिवा लागतो. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या मानकाची अट अशी की चाकाच्या दोन फेऱ्यांच्या आत, किंवा दांडा आपल्या वाटेच्या एक पंचमांश सरकायच्या आत, इशारा गेला पाहिजे. व्हॉल्व्ह पुरा बंद व्हायला कितीतरी फेऱ्या लागतात. म्हणजे पाणी अडायच्या बरंच आधी बातमी पोचते. आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होईपर्यंत तो इशारा मिटता कामा नये, हीही अट आहे. अर्धवट उघडून निघून जाणाऱ्याला ती पकडते.

बसवण्याचं काम मात्र हाताचं आहे आणि चुका तिथेच होतात. व्हॉल्व्ह आधी पूर्ण उघडायचा आणि चाक किंचित मागे घ्यायचं, म्हणजे ते अडकून बसत नाही. दांड्यावर खाच आयती नसेल तर सळई जिथे टेकते तिथे खूण करून गोल कानशीने पाडायची, फार तर तीन मिलिमीटर खोल. खोल गेली तर दांडा कमजोर होतो. कडा खरखरीत राहिल्या तर प्रत्येक वेळी ग्लँडमधून जाताना त्या पॅकिंग खातात आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. खाच उथळ राहिली तर पंप सुरू होताना पाइपाला बसणाऱ्या धक्क्यानेही सळई बाहेर येते आणि खोटे इशारे सुरू होतात. खोटे इशारे फार झाले की कुणीतरी वायर काढून टाकतो. म्हणून ती खाच घासायला लागणारी दहा मिनिटं मला सगळ्या कामात मोलाची वाटतात. बटरफ्लाय व्हॉल्व्हला उघडा दांडा नसतो. तिथे गिअरबॉक्सच्या आतच कॅम आणि स्विच येतात. जमिनीखालच्या चेंबरमधल्या व्हॉल्व्हची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात काळ्या मातीतले हे खड्डे काठोकाठ भरतात, त्यामुळे तिथे पाण्याखाली टिकेल असाच स्विच हवा, आणि वायर शिरते ती जागा घट्ट बंद केलेली हवी.

मग वायरिंग. सर्किटच्या टोकाला, शेवटच्या स्विचपाशी, एक रेझिस्टर बसवतात आणि पॅनल त्यातून सतत अगदी बारीक प्रवाह सोडत राहतं. प्रवाह तुटला तर वायर तुटली, एकदम वाढला तर स्विच पलटला, असा अर्थ पॅनल लावतं. उंदराने वायर कुरतडली तरी कळतं ते यामुळेच. पण घाईत तो रेझिस्टर पॅनलच्या आतच जोडून टाकला, तर पॅनल स्वतःच्याच पोटातला प्रवाह मोजत बसतं आणि बाहेरची वायर कापली तरी सगळं ठीक म्हणतं. कारखान्याच्या तपासणीत मला एकच गोष्ट पाहायला मिळाली, तर मी रेझिस्टर कुठे आहे ते पाहीन.

पॅनलवर तीन वेगळ्या बातम्या येतात आणि त्या वेगळ्याच राहायला हव्यात. आगीचा इशारा म्हणजे माणसं बाहेर काढा. बिघाडाचा इशारा म्हणजे वायर किंवा बॅटरी पाहा. सुपरव्हायजरी इशारा म्हणजे आग नाही, पण आग लागली तर आज पाणी येणार नाही. कुणीतरी आत्ता त्या व्हॉल्व्हपर्यंत चालत जा. बऱ्याच ठिकाणी पॅनल गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये असतं आणि रात्री समोर बसतो तो कंत्राटी गार्ड. बझर वाजला की तो सायलेन्सचं बटण दाबतो, कारण त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. त्यात त्याचा दोष नाही. ‘झोन चार, डिव्हाइस एकोणीस’ असं दिसण्याऐवजी ‘पेंट शॉप, उत्तर भिंत, व्हॉल्व्ह उघडा नाही’ असं स्क्रीनवर दिसलं आणि खाली कुणाला फोन करायचा हे लिहिलेलं असलं, तर तोच गार्ड कारखाना वाचवू शकतो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंध व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म ब’ प्रमाणपत्र द्यायचं असतं. ही तरतूद चांगली आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जावी. पण प्रमाणपत्र त्या दिवसाचं असतं. जुलैत सही झाली, ऑगस्टच्या एका गुरुवारी व्हॉल्व्ह बंद झाला, तर पुढच्या जानेवारीपर्यंत कागद एक सांगतो आणि पाइप दुसरं. मधल्या प्रत्येक रात्रीची खात्री देणारी गोष्ट काही हजार रुपयांना मिळते. चाकणजवळ म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी भागात उंच रॅकची गोदामं उभी राहिली आहेत. तिथे आग रॅकमधून वर चढायला मिनिटं पुरतात. अशा गोदामात व्हॉल्व्हवर स्विच नसणं मला अक्षम्य वाटतं.

हे सगळं लिहिताना तळवडे डोळ्यांसमोरून हलत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला तिथल्या, केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात आग लागली. बळी गेलेल्यांमध्ये बहुतेक महिला कामगार होत्या. अशा जागी प्रश्न व्हॉल्व्हच्या स्विचच्या कितीतरी आधी सुरू होतो: परवानगी, बाहेर पडायची वाट, ज्वालाग्राही मालाचा साठा. पट्ट्यातल्या छोट्या शेडमधल्या माणसांना स्प्रिंकलर मिळणं अजून लांब आहे. पण ज्यांच्याकडे ते आहेत, त्यांनी ते बंद ठेवण्याला तर काहीच सबब नाही.

शेवटी पंपाबद्दल, कारण व्हॉल्व्हकडे पाहताना तो सुटतो. फायर पंपाच्या पॅनलवर ऑटो, मॅन्युअल आणि ऑफ असा सिलेक्टर असतो. टेस्टिंगच्या वेळी तो ऑफवर नेला आणि तिथेच राहिला, तर सगळे व्हॉल्व्ह उघडे असूनही फार काळ पाणी मिळत नाही. सिलेक्टरची जागा, पंपाची वीज, डिझेल इंजिनची बॅटरी आणि टाकीची पातळी यांचे इशारेही त्याच पॅनलवर आणता येतात. पुढच्या फायर ड्रिलमध्ये माणसं मोजण्याबरोबर एवढं करून पाहा: एका व्हॉल्व्हचं चाक दोन फेऱ्या फिरवा, गेटवर बझर वाजतो का ऐका आणि माणूस त्या व्हॉल्व्हपाशी किती मिनिटांत पोचतो ते घड्याळ लावून मोजा. मग सिलेक्टर ऑफवर न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये लिहा, चाक पूर्ण उघडा, सिलेक्टर ऑटोवर आणा आणि पॅनलवरचा दिवा विझल्याचं पाहूनच सही करा.