जागता पहारेकरी

गोंदिया शहराजवळ, भातशेतीच्या मुलुखात, नागरा हे गाव आहे. तेथील शिवमंदिर प्राचीन आहे. जुन्या गावांत जुन्या विहिरीही असतात. पुष्कळ दिवस न वापरलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोराला पेटता कंदील बांधून तो आधी खाली सोडावयाचा, अशी रीत खेडोपाडी होती. ज्योत विझली, तर कोणी खाली उतरत नसे. तळाशी जड वायू साचला आहे व प्राणवायू उणा झाला आहे, हे ती विझलेली ज्योत सांगे. ही परीक्षा अपुरी होती. कारण हवा विषारी असूनही ज्योत तेवत राहू शकते. तरीही न दिसणारे संकट ओळखण्याचा तो एक प्रयत्न होता.

गोंदियाहून एक लोहमार्ग नागभीडवरून बल्लारशाकडे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाच्या मुलुखात, जातो. कोळशाच्या थरांत मिथेन नावाचा वायू कोंडलेला असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. हवेच्या शंभर भागांत तो सुमारे ५ ते १५ भाग असला, म्हणजे स्फोटाला एक ठिणगी पुरते. अशा ठिकाणी उघडा कंदील नेणे म्हणजे संकट ओळखणे नव्हे, ते ओढवून घेणे होय.

यावर हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये उपाय शोधला. त्याने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविली. ज्योतीची उष्णता जाळीत पसरून जाई. त्यामुळे आतील आग बाहेरच्या वायूला पेटवीत नसे. शिवाय हवेत मिथेन असला, की ज्योतीवर निळसर टोपी दिसे. त्यावरून कामगार सावध होत.

पुढे खाणीत वीज आली आणि तिच्याबरोबर नवे भयही आले. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील खाणीत भीषण स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. इशाऱ्याच्या घंटेच्या तारांतून उडालेली ठिणगी हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. निरोप नेणारी तारच काळ ठरू शकते, हा धडा त्या काळच्या अशा अपघातांनी दिला.

आज खाणींत व कारखान्यांत वायुशोधक यंत्रे असतात. त्यांच्या एका प्रकारात प्लॅटिनमच्या तारेचे इवलेसे वेटोळे एका मण्यात बसविलेले असते. विजेने तो मणी तापतो. मिथेन त्याच्या पृष्ठभागावर आला, की जळतो. मणी अधिक तापतो आणि तारेचा विद्युत्‌रोध वाढतो. त्या वाढीवरून वायूचे प्रमाण कळते.

पण तापलेला मणी आणि वीज दोन्ही स्फोटक हवेत न्यावयाची, ती कशी? यंत्राला बहुधा २४ व्होल्टांची एकदिश वीज देतात. मणी सूक्ष्मरंध्री धातूच्या चकतीआड ठेवतात. डेव्हीची जाळीच ती, नव्या रूपात! तारांचे सांधे जाड धातूच्या पेटीत बंद करतात. आत ठिणगी पडली, तरी झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाळा निवते. तार पेटीत शिरते तेथील वाट घट्ट मिटविलेली असते. काही यंत्रांच्या वाटेवर सुरक्षित जागी एक अडसर बसवितात. तो वायूला पेटविण्याइतकी वीज पुढे जाऊच देत नाही. वीज बंद केल्यावाचून अशी पेटी उघडावयाची नाही, हा नियम कुशल कारागीर कधीही मोडत नाही.

आता एक मौजेची गोष्ट पाहा. वायूचे प्रमाण यंत्र दूरच्या खोलीला विजेच्या प्रवाहाने कळविते. वायू मुळीच नसला, तर प्रवाह शून्य असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु तेव्हाही यंत्र ४ मिलिअँपिअर प्रवाह पाठवीत असते. वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे शंभरात सुमारे ५ भागांपर्यंत, पोचला, की प्रवाह २० होतो. वायू १ भाग असेल, तर प्रवाह होतो ७.२.

हा खटाटोप कशासाठी? रात्री गावात गस्त घालणारा पहारेकरी काठी आपटीत ‘जागते रहो’ अशी हाळी देतो. चोर नसला, तरी तो हाळी देतो. ती ऐकू आली नाही, तर गाव निर्धास्त झोपत नाही. पहारेकऱ्याला काय झाले, याचा शोध घेतो. चार मिलिअँपिअर ही वायुशोधकाची हाळी आहे. प्रवाह शून्यावर आला, तर तार तुटली किंवा वीज गेली, हे तत्काळ कळते. शून्य हाच ‘वायू नाही’ असा निरोप असता, तर तुटलेल्या तारेनेही ‘सारे क्षेम आहे’ असेच सांगितले असते आणि माणसे निःशंकपणे मृत्यूच्या तोंडी गेली असती.

म्हणून यंत्राच्या पाठीशी बॅटरी ठेवतात आणि ठराविक काळाने मोजका वायू सोडून त्याची परीक्षा घेतात. पहारेकरी नेमला, एवढ्याने काम संपत नाही. तो जागा आहे ना, हेही पाहावे लागते.