गिटारचा सराव अंगवळणीं कसा पडेल?

हौसेनें आणलेली गिटार दोन-तीन महिन्यांत खुंटीवर जाते, असा अनुभव पुष्कळ सुशिक्षित घरांतून येतो. मग शिकणारा कष्टी होऊन म्हणतो, "माझ्या बोटांतच संगीत नाहीं." घरचीं माणसेंही तें खरें मानतात. वस्तुतः उणीव बहुधा गुणाची नसते, संवयीची असते. आणि संवय उपजत येत नाहीं, ती लावून घ्यावी लागते.

पहिली अडचण बोटांची. डाव्या हाताच्या कोवळ्या बोटांस पोलादी तार बोचते. उत्साहाच्या भरांत एकाच बैठकींत दोन तास वाजविलें, तर फोड येऊन पुढचे कित्येक दिवस वाद्याला हात लावतां येत नाहीं. तेंच रोज थोडा वेळ वाजविलें, तर कांहीं आठवड्यांत बोटांच्या टोकांवरील कातडी घट्ट होते व वेदना ओसरते. पडद्यावर नव्हे, परंतु त्याच्या अगदीं लगत बोट ठेवल्यास दाबही कमी लागतो. ज्यांची बोटें फारच दुखतात त्यांनीं नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. त्या तारा पोलादीपेक्षां सौम्य असतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. रविवारीं तीन तास बसावें कीं रोज वीस मिनिटें? या बाबतींत बॅडली व लाँगमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७८ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांस त्यांनीं टंकलेखन शिकविलें. रोज एकच तास शिकणाऱ्यांस कळफलक हस्तगत होण्यास एकूण सुमारे ३५ तास लागले. रोज चार तास शिकणाऱ्यांस सुमारे ५० तास. मौज अशी, कीं रोज एकच तास शिकणारेच आपल्या शिक्षणक्रमाविषयीं सर्वांत कमी संतुष्ट होते. कारण दिवसांच्या हिशेबानें ते मागें पडत. योग्य मार्ग चालणाऱ्यास मंद वाटतो, हें नवशिक्यानें ध्यानांत ठेवावें.

संवय जडण्यास किती दिवस लागतात? लंडन येथें ९६ जणांवर केलेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हा मध्यमान काल ६६ दिवसांचा आढळला. परंतु कोणास १८ दिवस पुरावेत, तर कोणास २५४ लागावेत, इतकी तफावत होती. एखादा दिवस चुकल्यानें मात्र फारसें बिघडत नाहीं, असेंही दिसून आलें. म्हणून खाडा पडल्यास दुसऱ्या दिवशीं दुप्पट वाजवून भरपाई करूं नये, नित्याप्रमाणें बसावें.

संवयीला खूण लागते. संध्याकाळचा चहा झाला कीं गिटार हातीं घ्यावयाची, असा एखाद्या नित्यकर्माशीं सराव बांधावा. वाद्य पेटींत न ठेवतां, ऊन व ओल यांपासून दूर, पण सहज हाताशीं येईल असें ठेवावें. वीस मिनिटांची वांटणी अशी करावी: दोन मिनिटें सहा तारा सुरांत लावणें, पांच मिनिटें उजव्या हाताच्या बोटांचा सराव, पांच मिनिटें एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाणें, आणि उरलेलीं आठ मिनिटें आवडीच्या चालीस. कॉर्ड म्हणजे अनेक स्वरांचा एकत्र झंकार. ती बदलतांना मेट्रोनोम मिनिटास ६० ठोक्यांवर लावावा. हें काम आतां खिशांतला फोनही करतो. चार ठोक्यांस एक बदल स्वच्छ साधला, तरच गति वाढवावी.

इतक्या थोडक्या सामग्रीनें काय साधणार, अशी शंका येईल. मौरो जुलियानी या इटालियन वादकानें १८१२ सालीं व्हिएन्ना येथें उजव्या हाताचे १२० पाठ प्रसिद्ध केले. ते अवघ्या दोन कॉर्डांच्या आधारावर रचिलेले असून आजही शिकविले जातात.

घरच्यांचेंही एक कर्तव्य आहे. पाहुण्यांसमोर "जरा वाजवून दाखव" असा आग्रह पहिले कांहीं महिने करूं नये, आणि तीच ती चाल शंभरदां ऐकूं आली तरी हसूं नये. शिकणाऱ्याला रोजचीं वीस निर्वेध मिनिटें मिळालीं, तर आपल्या बोटांत संगीत आहे कीं नाहीं याचा निकाल त्याला घाईनें लावावा लागणार नाहीं.