असईचा अनामिक शिपाई

नेपोलियनच्या काळातील युद्धे म्हटली की वॉटर्लूचे रणांगण आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची आठवण होते. परंतु वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, केवळ मेजर जनरल आर्थर वेलस्ली असताना, ह्याच सेनानीने आपल्या आयुष्यातील एक अत्यंत रक्तरंजित लढाई मराठी मुलखात जिंकली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ झालेली लढाई ती हीच. दौलतराव शिंदे यांच्या फौजेबरोबर तेथे नागपूरकर रघूजी भोसले यांचे घोडदळ होते. लांजीचा मुलूख त्या काळी भोसल्यांच्याच राज्यात मोडत असे. तेव्हा बालाघाटकरांनाही ही लढाई अगदीच परकी नव्हे.

सेनापतींची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. पण त्यांच्या हुकमाखाली उभा राहणारा साधा गोरा शिपाई कोण होता?

बहुधा तो गरीब घरचा मजूर अथवा विणकर असे. फौजेत नाव घातले की ते जन्मभरासाठी. सात वर्षांच्या चाकरीची सोय पुढे १८०६ साली झाली. पगार दिवसाला एक शिलिंग, आणि त्यातूनही अन्नवस्त्राचे पैसे कापले जात. अपराधाला शिक्षा फटक्यांची, आणि ते शेकड्यांनी मोजले जात. हिंदुस्थानात पोहोचायला जहाजाने पाच-सहा महिने लागत. येथे आल्यावर गोळीपेक्षा ताप आणि अतिसार यांनीच अधिक शिपाई दगावत.

असईच्या दिवशी हे शिपाई पहाटेपासून सुमारे वीस मैल चालले होते. अंगात लोकरीचा लाल कोट, गळ्याला चामड्याचा ताठ पट्टा, खांद्यावर दहा पौंडांची बंदूक! तशाच स्थितीत त्यांनी तोफांच्या माऱ्याखाली केळणा नदी ओलांडली. ती बंदूक मिनिटाला दोन-तीन वेळाच झाडता येई, आणि शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नसे. म्हणूनच शिपायांना खांद्याला खांदा लावून, शेजारचा पडला तरी जागा न सोडता, पुढे सरकावे लागे. ७४ वी स्कॉटिश पलटण चुकून असई गावाच्या तोफांसमोर गेली. तिचे सुमारे पाचशेंपैकी चारशे लोक ठार वा जखमी झाले.

मराठ्यांचे गोलंदाजही मागे हटले नाहीत. कित्येकांनी तोफांपाशीच प्राण ठेवले. वेलस्लींच्या फौजेतही गोऱ्यांहून मद्रासकडील शिपाईच अधिक होते. एकट्या त्यांच्या बाजूचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. जखमींसाठी अजिंठ्याला इस्पितळ उभारले गेले.

विजयी पलटणींना निशाणावर हत्तीचे चिन्ह मिरविण्याचा मान मिळाला. साध्या शिपायाला मात्र ह्या लढाईचे पदक मिळण्यास १८५१ साल उजाडावे लागले. तेही केवळ हयात असलेल्यांनाच! अठ्ठेचाळीस वर्षांनंतर असे कितीसे उरले असणार?

वेलस्ली पुढे ड्यूक झाले, इंग्लंडचे पंतप्रधानही झाले. केळणेच्या काठी पडलेल्यांची, मग ते गोरे असोत, मद्रासी असोत वा मराठे असोत, नावे बहुतांशी कोणाला ठाऊक नाहीत. लढाईचा इतिहास वाचताना सेनापतीच्या नावापाशीच थांबू नये, ते एवढ्याचसाठी.