गोळी मोठी, माल थोडा

पोटॅशियम नुसतं कुणीच गिळत नाही. हा धातू पाण्यात पडला की पेट घेतो. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने तो पहिल्यांदा सुटा केला, तेव्हाच त्याचा हा तिखट स्वभाव कळला. म्हणून औषधात तो कायम जोडीने येतो: क्लोराइड, सायट्रेट नाहीतर ग्लुकोनेट. वजनाचा सगळा घोळ या जोडीदारांचाच.

क्लोराइड सडपातळ, त्या क्षारात ५२ टक्के पोटॅशियमच. सायट्रेटमध्ये ३६, आणि ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १७. म्हणजे ९९ मिलिग्रॅम पोटॅशियमसाठी क्लोराइड १८९ मिलिग्रॅम पुरतं, ग्लुकोनेट मात्र ५९५ गिळावं लागतं. अमेरिकेत दुकानातून सहज मिळणाऱ्या बहुतेक गोळ्या या ९९ वरच थांबतात. एका मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास असतं, बोला!

डॉक्टर म्हणूनच मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मोजतात. असं एक एकक म्हणजे ३९ मिलिग्रॅम पोटॅशियम, मग जोडीदार कुणीही असो. दहा हवे असतील तर क्लोराइड ७५० मिलिग्रॅम, सायट्रेट १०८०. पण हिशेब जुळला म्हणून अदलाबदल चालत नाही. सायट्रेट लघवीतलं आम्ल कमी करतं, म्हणून ते मुतखड्याला. उलट्यांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी क्लोराइडही वाहून गेलं असेल, तर तिथे क्लोराइडच हवं.

आता दीड ग्रॅमची गंमत बघा. लिटरभर पाण्यात घालायच्या ओआरएसच्या पुडीत पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम, म्हणजे २० एकक. १५ टक्क्यांच्या दहा मिलिलिटर इंजेक्शनच्या अँप्युलमध्येही तेवढंच! पुडी आपण दिवसभर घोट-घोट पितो. अँप्युल मात्र थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडू शकतं, कारण अख्ख्या रक्तद्रवात मिळून पोटॅशियम असतं बाराएक एकक. म्हणून ते सलाईनमध्ये मिसळून, सावकाश.

‘लो सोडियम’ मीठही याच घरातलं. त्यात सोडियमच्या जागी थोडं पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखू नये.

आणि हो, हळूहळू विरघळणारी क्लोराइडची गोळी कधी शौचातून जशीच्या तशी बाहेर पडलेली दिसते. घाबरू नका, पैसेही वाया गेले नाहीत. तो मेणाचा रिकामा सांगाडा. औषध वाटेतच झिरपून गेलेलं असतं.